सुगंधाची शेळी अडली तेव्हा

सुगंधाचं घर? सांगते की डॉक्टर, घर काय पळून जातंय — आधी बसा तरी. बेटेगावात नवीन दिसता तुमी. गाडी राहू द्या तिथंच चिंचेखाली. शेळी अडलीय म्हणून देवूदादांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, फोन केला ना तुमाला? माहीत हाय मला. सकाळी पाण्याला गेले तेव्हाच ओरडणं कानावर आलं. मी स्वाती, सुगंधाची धाकटी जाऊ — बसा, चहा टाकलाय.

हळू बोला हं, मांडीवर हेमाली झोपलीय. अडीच वर्षांची हाय — हो, दिसत नाय तेवढी. जरा हात लावून बघता का हिला, अंग गरम लागतंय का? — तुमी जनावरांचे डॉक्टर हाय ते कळतं हो मला, पण ताप तो ताप. नाय ना गरम? नक्की नाय ना? झोपली की मी सारखं नाकापाशी बोट धरून बघते. हसतात मला सगळे.

फोन वाजतोय? दादांचाच असणार. उचलून काय उपयोग, इथं रेंज टिकत नाय, कट होतो. तोवर आमचा शेळ्यांचा गोठा तरी बघा — ती काळी उस्मानाबादी, दर वेताला जुळी, पण दूध म्हणाल तर करडांपुरतं. ही बारकी गावठी — भर पावसात डोंगर चढेल, खुराक मागायची नाय, करडू मात्र एवढंसं, ओंजळीत मावेल असं. पांढरा बोकड संगमनेरी — त्याच्या पाठी, म्हणजे मादी करडं, निघतात त्या दुधाला. आणि तो कोपऱ्यातला, लाल डोक्याचा, बैलासारख्या मानेचा — बोअर जातीचा. नुसतं मटण! बोईसरच्या कंपनीतले लोक येतात, "भाभी, कितने किलो का?" एवढंच विचारतात. तो फक्त मोठ्या शेळ्यांना लावायचा, लहान चणीच्या पाठीला लावला तर करडाचं डोकंच बाहेर येत नाय, हे आमच्या यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. मी सातवी शिकले, पण एवढं एकदा ऐकलं की पक्कं बसतं डोक्यात.

घ्या, चहा घ्या. गरम हाय, सावकाश प्या.

सुगंधाकडे संगमनेरी शेळी हाय, दोन वेळचं भांडं भरून देते. आणि हेमाली दीड वर्षाची होती तेव्हा अंगणवाडीत वजन केलं, ताईंनी कार्डावर लाल रेघ दाखवली — वजन फारच कमी. दूध चालू करा म्हणाल्या. आमच्याकडची एकही शेळी तेव्हा दुधावर नव्हती. मी वाटी घेऊन गेले जाऊबाईंच्या दारात. जास्त नाय, वाटीभर. चार बायका बसल्या होत्या ओटीवर, घिवलीहून तिची बहीण आलेली — सगळ्यांसमोर काय बोलली माहीत हाय? "तुझी पोर टिकायची नाय गं स्वाती, तिच्यावर दूध कशाला नासवायचं." असं. हसत. आणि माझ्या रिकाम्या वाटीत बोट फिरवून म्हणाली, घासून आण आधी.

मी वाटी घेऊन घरी आले. बोलायचं ते मग कामातून बोलले. तिची एक लाडकी, लहान चणीची पाठ माजावर आली, त्याच दिवशी हिला एडवणला लग्नाला जायचं — दावं माझ्या हातात दिलं, म्हणाली, तुमच्या संगमनेरी बोकडाला लाव, दुधाची पाठ पाहिजे मला. मी हो म्हणाले. गोड हो म्हणाले. तेव्हापासून पाच महिने मी दिवस मोजतेय, आता अडणारच होती ती —

काय? नाय, मी असं कुठं म्हणाले. अडली म्हणाले. असं बघू नका माझ्याकडं डॉक्टर. — हो. बोअरचा. मीच लावला. माझ्या हातानं दावं सोडलं, आणि उभी राहून बघितलं.

वाटलं होतं बरं वाटेल. सकाळी ते ओरडणं ऐकलं तेव्हा बरं वाटलंसुद्धा, खोटं कशाला बोलू. पण हेमालीच्या वेळी मी पण अशीच अडले होते, दिवसभर, दातात पदर धरून. ते ओरडणं मला कळतं. मेलं तर ते मुकं जनावर मरणार, सुगंधा नाय मरणार. सुगंधा दुसरी आणेल.

उठलात ना? ऐका, ओढा ओलांडा, डावीकडं वळा, निळ्या पत्र्याचं घर. पाच मिनिटं पण नाय लागत. करडू मोठं हाय हे तिथं गेल्या गेल्या बोला, वेळ घालवू नका. आणि डोकं लाल निघेल. सुगंधा विचारेल, असं कसं झालं — तर बोकड चुकून लागला असेल म्हणून माझी बाजू घेऊ नका. स्वातीनं मुद्दाम लावला म्हणावं. मुद्दाम. चारचौघांत सांगा, ओटीवर बायका असतील तर त्यांच्या देखत सांगा.

मी? मी नाय येणार. चहा राहू द्या तो, जा — उभे काय राहिलात, जा ना!