वगळायच्या यादीतलं नाव

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या विभागाचे प्रमुख, व्यासपीठावरचे पाहुणे, बावीस वर्षं ज्यांना आपण बारीकराव म्हणत आलो ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी दोनदा बजावलंय, गोड बोल आणि थोडक्यात आटप. थोडक्यात आटपेन. गोड बोलणं आज जमेल असं वाटत नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो, बारीकराव हे नाव अंगकाठीवरून पडलेलं नाही, ते तर दिसतंच आहे. दुसऱ्याच्या कोडमधला चुकलेला स्वल्पविरामही त्यांना खुपतो, म्हणून ते नाव. आपल्याकडे कोड जपून ठेवायची घरीच बनवलेली, जुनी व्यवस्था आहे. त्या कोडचा चालवता येणारा प्रोग्रॅम, म्हणजे बिल्ड, तयार करणारं साधन बाजारातून आणलं, तेव्हा त्याला ही व्यवस्था ओळखताच येईना. मग दोघांमध्ये मध्यस्थी करणारं प्लगइन बारीकरावांनी लिहिलं. काम एवढंच, की साधनाने दर पाच मिनिटांनी विचारायचं, ‘काही नवीन बदल?’ आणि प्लगइनने खरं सांगायचं. बदल असला की नवीन बिल्ड तयार होऊन तपासणी विभागाकडे जातं. प्लगइन त्यांचं, ते बसवून त्याची सेटिंग्जची फाइल लिहायची जबाबदारी माझी.

त्या फाइलमध्ये एक ओळ असते, कोणाचे बदल मोजायचे नाहीत त्यांच्या नावांची. आवृत्तीचा आकडा आपोआप वाढवणारी स्क्रिप्ट तिथे असते, नाहीतर तिच्या बदलाने बिल्ड, बिल्डने पुन्हा बदल, असं चक्र सुरू होईल. गेल्या वर्षी बारीकरावांनी जुन्या कोडमधल्या टिपांचं शुद्धलेखन सुधारायला घेतलं. दर पाच मिनिटांनी बिल्ड सुरू. रांग लागली, लोक माझ्या नावाने खडे फोडू लागले. मी त्या ओळीत बारीकरावांचं नाव टाकलं. चार दिवसांपुरतं.

आणि चौदा महिने विसरलो.

पुढे काय झालं असेल? दुसऱ्या कोणी काही जमा केलं की त्याच्याबरोबर यांचाही बदल जायचा, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण ज्या दिवशी यांची एकट्याची दुरुस्ती असायची, त्या दिवशी नवीन बिल्डच होत नसे. तपासणी विभाग जुनंच बिल्ड तपासायचा आणि शेरा द्यायचा, ‘दोष तसाच आहे.’ साधनाच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवंगार, म्हणजे कुठेच बिघाड नाही. बारीकराव बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसायचे. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ ही सबब त्यांनीच आपल्याला सोडायला लावली होती, त्यामुळे त्यांनी स्वतःही ती कधी सांगितली नाही.

आणि आपण काय म्हणत होतो? ‘साठी यायच्या आधीच बुद्धी नाठी.’ हे वाक्य चहाच्या मशीनपाशी माझ्याच तोंडून गेलंय. एकदा ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, “जरा बघतोस का रे, माझं कुठे चुकतंय?” मी न बघताच म्हणालो, “होतं हो बारीकराव, वयोमानाने.” त्यांनी मान हलवली आणि खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली. तीन वर्षं आधी निवृत्ती मागणारा अर्ज त्याच आठवड्यात गेला. त्यात लिहिलंय, ‘माझ्या कामावर माझाच भरवसा राहिलेला नाही.’

मंगळवारी त्यांच्या कामाचा ताबा घेताना मी ती फाइल उघडली. स्क्रिप्टच्या नावाशेजारी यांचं नाव, आणि हस्ताक्षर म्हणावं तर माझं. तपासणीतून परत आलेल्या त्यांच्या एक्केचाळीस दुरुस्त्या मी एकेक करून पुन्हा बिल्ड केल्या. अडतीस पहिल्याच वेळी बरोबर होत्या. उरलेल्या तीन खरंच चुकल्या होत्या. त्या तुमच्या, बारीकराव, त्या मी अंगावर घेणार नाही.

काल अध्यक्षसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कागद पुढे गेलेत, जागा भरली, जाता जाता त्यांचं मन कशाला दुखवायचं? साहेब, क्षमा असावी. एकटं गाठून सांगितलं असतं, तर बारीकराव “असू दे रे” म्हणाले असते आणि या सभागृहाचं मत होतं तसंच राहिलं असतं. चूक मी सगळ्यांच्या नजरेसमोर त्यांच्या माथी येऊ दिली. ती सगळ्यांसमोरच उतरवायला हवी होती.

वहिनी, काल फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात, की नात गणिताची वही घेऊन आली की हे हल्ली म्हणतात, “आजीला दाखव, माझा काही नेम नाही.” नोकरी मी त्यांना परत देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि हातातल्या घड्याळाकडे बघूनही मला न थांबवणाऱ्या बाईंचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, ते आपण सर्वांनी पोटात घालावं. त्या एका ओळीसाठी मात्र, बारीकराव, मला माफ नाही केलंत तरी चालेल. फक्त आज घरी गेल्यावर नातीला हाक मारा आणि वही घेऊन यायला सांगा.