जसंच्या तसं कन्व्हर्शन

सन्माननीय अध्यक्ष महादेवराव, ज्यांना आज आपण जड अंतःकरणाने मुंबईच्या गाडीत बसवणार आहोत ते सत्कारमूर्ती नाबर साहेब, मंचावरील मान्यवर आणि अकोल्याच्या आपल्या सरकी-तेल संघातल्या बंधू-भगिनींनो,

मी धर्मपाल, यंत्रखोलीत पगाराच्या कार्डांना भोकं पाडतो; यंत्र ती भोकं वाचूनच हिशेब करतं. साहेबांविषयी चार शब्द बोलायची संधी मला मिळाली, आणि तीही सगळ्यांत शेवटी. शेवटी का, ते पुढे सांगतो.

साहेब आले तेव्हा म्हणाले, पगाराचं जुनं यंत्र आता भंगारात. तारा खोचून चालवायचं यंत्र ते. एक तार हलली की पगार दर्यापूरला आणि माणूस अंजनगावला! यापुढे हिशेब मुंबईच्या कॉम्प्युटरवर होईल, आणि त्याच्यासाठी सगळं कोबोल नावाच्या भाषेत नव्यानं लिहायचं. आमच्या पंचफुलाबाईंनी विचारलं, "को बोल? कोनाले बोल जी?" साहेब हसले नाहीत. कामात असताना ते हसत नसत, आणि ते सदैव कामात असत.

या कार्याला साहेब 'कन्व्हर्शन' म्हणत. शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. हा शब्द तर आमच्या घरचा!

नव्या मंडळींसाठी सांगतो. जुन्या कार्डावर जातीचा एक रकाना होता. कोणी घातला, कशासाठी घातला, कोणालाच आठवत नाही. यंत्र त्या आकड्यानं पगाराच्या चिठ्ठ्या लावायचं. आमचा आकडा सात, म्हणजे शेवटचा गठ्ठा. पहिल्या तारखेला खिडकीतून किसनराव कॅशियर हाक मारायचे, "चला, सात नंबरवाले या आता!" किसनराव भला माणूस, चिठ्ठ्या जशा आल्या तशा वाचणार. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो; इंग्रजी पेपरांनी त्या धर्मांतराला कन्व्हर्शनच म्हटलं होतं. आज एकोणसत्तर साल आहे. नोकरीच्या कागदांना अजून खबर नाही. रकाना काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तार हलवली तं सारंच कोसळन." चारशे घरांचा पगार माझ्यापायी कशाला कोसळवू? थांबलो.

नाबर साहेबांना मात्र मी भेटलो. म्हटलं, "साहेब, सारं नव्यानं लिहून राहिले, तं तेवढा रकाना सोडून द्या ना." साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "धर्मपाल, जुनं ते जसंच्या तसं नव्यात आणणं, यालाच कन्व्हर्शन म्हणतात."

सभाजनहो, केवढं हे ज्ञान! आम्ही अडाणीच ठरलो. आम्ही आपलं जुनं नागपूरलाच टाकून हात हलवत परत आलो. मंडळी, जुनं गाठोड्यात बांधून न्या, मगच खरं कन्व्हर्शन, हे सांगायला तिथे साहेबांसारखं कोणी का नव्हतं?

पण साहेबांचं काम चोख, हे कबूल केलंच पाहिजे. सात नंबरला शेवटी उभं करायला जुन्या यंत्राला अर्धा दिवस लागायचा, नव्याला एक क्षण पुरतो. प्रगती आणखी कशाला म्हणतात? मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

आता मी शेवटी का? आजच्या वक्त्यांची यादी साहेबांनी मोठ्या कौतुकानं कॉम्प्युटरवरच छापून आणली. छापील क्रमानं आम्हाला बोलावलं गेलं. बाकी काय सांगू?

अध्यक्षमहाराज, आपण मघाशी म्हणालात, साहेबांच्या कामाला मागे कोणी हात लावू नये. मी कशालाही हात लावणार नाही. उद्या पहिली तारीख. किसनराव, खिडकीशी सगळ्यांत आधी मी उभा असेन. मला नावानं हाक मारा. माझी चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी असेल, शोधा. तोवर मागचे थांबतील. थांबल्यानं माणूस मरत नाही, आम्हाला अनुभव आहे.

साहेबांचा प्रवास सुखाचा होवो. आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सर्वांनी क्षमा करावी. क्षमेला तेवढी नंबरवारी लावू नका.