सोफ्याच्या मागची भिंत

(मस्कत, अल मवालेहमधला भाड्याचा फ्लॅट. २००५ सालचा एक शुक्रवार, सुट्टीची सकाळ. रचना मेथी निवडते आहे. तिचा नवरा रुपेश शर्टाला इस्त्री करतो आहे. व्हिजिट व्हिसावर आलेले त्याचे वडील, बबन, पेपर घेऊन आरामखुर्चीत.)

रचना : म्हणजे हॉलंडहून मेल आलीच नाही म्हणतोस.

रुपेश : आली की सांगेन ना. इन्शाल्ला, या आठवड्यात येईल.

रचना : तू इन्शाल्ला म्हणालास की मला शंका येते. एक तर काम झालेलं नसतं, नाहीतर झालेलं असतं आणि मला सांगायचं नसतं.

रुपेश : काय गं, सकाळी सकाळी.

रचना : काल घरी फोन आला होता. तुझ्या त्या डच एजंटचा.

रुपेश : काल? कधी?

रचना : तू तिकडे गाला भागातल्या ऑफिसातून निघायच्या आधी. म्हणाला, घरमालकीणबाईंचे प्रश्न मंगळवारीच पाठवलेत, उत्तर कधी देताय? मी काय सांगणार? म्हटलं, हजबंड इज बिझी.

बबन : रुपेश, शर्ट जळतोय.

रुपेश : हो हो.

रचना : मंगळवार, बुध, गुरू, शुक्र. चार दिवस तू जेवलास, झोपलास, शिवांगीला पोहायला नेलंस. तोंडातून एक शब्द नाही. काय विचारलंय त्या बाईनं?

रुपेश : काही विशेष नाही.

रचना : विशेष नसतं तर लपवलं नसतंस. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. दोन कुटुंबांची ऑफर सारखीच आहे म्हणे, मग बाई म्हणाली, दोघांनीही स्वतःबद्दल पत्र लिहा, फॅमिलीचा फोटो पाठवा, मग मी ठरवते. हिला घर विकायचंय की पोरगी द्यायचीय?

रुपेश : चाळीस वर्षं राहिलीय ती तिथे. एकटी आहे. आपल्या घरात कोण येतंय हे बघावंसं वाटणार नाही?

रचना : वाटतं ना. पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही वाटलं होतं.

रुपेश : ते वेगळं होतं.

बबन : मला तर ते घरच पटत नाही. तू फोटो दाखवलेस त्यात खिडक्यांना पडदे नाहीत, ग्रील नाही, कंपाउंड नाही. रस्ताभर नुसती झाडं, आणि माणूस औषधाला नाही. माणसं गेली कुठे?

रुपेश : कामाला गेली असतील, अण्णा. मी स्वतः जाऊन बघितलंय. मागे पाण्याचा चर आहे, त्यात बदकं आहेत. शाळा गल्लीच्या टोकाला. दुसरीतली पोरं एकटी सायकलने जातात. इथे शिवांगी मे ते सप्टेंबर एसीत कोंडलेली असते, तुम्ही बघताच.

बबन : आणि अशी सोन्यासारखी जागा ती बाई सोडतेय?

रुपेश : तिचे गुडघे गेलेत. जिना चढवत नाही.

रचना : हे तिने सांगितलं की एजंटनं?

रुपेश : एजंटनं.

रचना : बघा.

रुपेश : काय बघा? चौदा वर्षं झाली मला ओमानमध्ये. आधी इब्री, मग इथे. आपल्या नावावर घर होऊ शकत नाही, नोकरी संपली की खलास, निघा. भिंतीत खिळा मारायचा तरी वॉचमनला विचारावं लागतं. ऑगस्टमध्ये हॉलंडच्या नोकरीवर जॉइन व्हायचंय. जाताना एकदा तरी आपल्या स्वतःच्या घरात जावं, एवढंच वाटतं मला.

रचना : मग दाखव ना ती मेल.

रुपेश : ऑफिसात आहे.

रचना : तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत, चेकबुकाच्या मागे, चार घड्या घातलेला एक कागद आहे. मी उघडला नाही. म्हटलं, तू स्वतः देशील.

बबन : दे रे बाबा. ती मेथीसारखी तुझीच पानं खुडत बसेल.

रुपेश : घ्या.

रचना : काय असेल? धर्म विचारला असेल. नाहीतर घरात काय शिजवता ते.

रुपेश : वाच. मराठीत सांग, अण्णांनाही कळू दे.

रचना : ‘पत्र आवडलं. मी सोमवारी ठरवणार आहे. त्याआधी दोन्ही कुटुंबांना विचारते, कारण जाताना काय ठेवायचं आणि काय न्यायचं याची यादी मला करावी लागते.’ ही कसली यादी?

रुपेश : तिकडची पद्धत आहे. दिवे, पडद्याचे रॉड, सगळं लिहून देतात. काही लोक जमिनीवरचं लाकूडसुद्धा काढून नेतात.

बबन : जमीन उचलून नेतात? मी म्हटलं नव्हतं?

रचना : ‘पहिला प्रश्न. झाडाला माझ्या मुलांचा झोपाळा आहे. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ठेवू का?’

बबन : यात लपवण्यासारखं काय आहे?

रचना : थांबा, अण्णा. ‘दुसरा प्रश्न. तुमच्या फोटोत सोफ्याच्या मागे, तुमच्या डोक्यांच्या वर भिंतीवर एक फिकट चौकोन आहे आणि खिळा आहे. तिथे एरवी काहीतरी मोठं असतं आणि फोटोसाठी काढलेलं दिसतं. आमच्या दिवाणखान्यात माझ्या नवऱ्याच्या घड्याळाचा जाड हूक आहे. घड्याळ मी नेणार. हूक ठेवू का? तुमची वस्तू किती वजनाची आहे?’

रुपेश : झालं?

रचना : चौकोन? सोफ्याच्या मागे तर बाबासाहेबांचा फोटो आहे. हा काय, समोर आहे.

रुपेश : काचेवर फ्लॅश चमकत होता.

रचना : फ्लॅश मारलाच नव्हता. दुपारी बारा वाजता, पडदा उघडून, टायमर लावून काढलास. मला किचनमधून हाक मारलीस, ‘यल्ला, यल्ला, दहा सेकंद आहेत’ म्हणून. मी हात पुसत येऊन बसले, मागे बघितलंसुद्धा नाही. म्हणून घाई करत होतास?

रुपेश : रचना...

रचना : मी तिकडच्या म्हातारीवर संशय घेत बसले. आणि उतरवणारा माझ्या घरात.

रुपेश : मग काय करू? पुण्यात तू बोललीस!

रचना : काय?

रुपेश : आडनावावरून त्या सेक्रेटरीला कळेना, गावावरून कळेना, म्हणून त्याने विचारलं, कुलदैवत कुठलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होतो. तू सरळ म्हणालीस, आम्ही बौद्ध. चहा अर्धा प्यायलो होतो आपण. दुसऱ्या दिवशी तो फ्लॅट त्याच्या पुतण्याला द्यायचा ठरलेला निघाला.

रचना : सहा वर्षं हे पोटात ठेवलंस.

रुपेश : तुला दोष देत नाही मी.

रचना : देतोस.

रुपेश : हो, देतो. कधी कधी देतो. मग माझीच मला लाज वाटते. पण मला ते घर हवंय गं. फार हवंय. शिवांगी त्या चराशी बसून बदकांना पाव टाकतेय, असं रोज डोळ्यांसमोर येतं. म्हटलं, त्या बाईला प्रश्न पडेल असं फोटोत काही नको. कोण हे, तुमचे देव का, म्हणजे तुम्ही नक्की कोण. ते सगळं परत पहिल्यापासून नको.

रचना : आणि तिला पडला तो प्रश्न फोटो उतरवल्यामुळेच पडला.

रुपेश : चार दिवस तेच डोक्यात फिरतंय. आरसा आहे म्हणून कळवणार होतो.

रचना : आरसा! लिहिलंस?

रुपेश : लिहिलं. पाठवता आलं नाही.

रचना : मीही स्वतःला दोष देते, तुला माहीत नसेल. पुण्याला गेलो की त्या रस्त्याने मी रिक्षा नेऊ देत नाही. पण उद्या कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. तेवढं तू धरून चाल. अण्णा, तुम्हीच बोला आता.

बबन : मी काय बोलू? मला माहीत होतं.

रुपेश : काय माहीत होतं?

बबन : तू फोटो उतरवून कपाटामागे ठेवलास तेव्हा मी याच खुर्चीत होतो. तुला वाटलं, डुलकी लागलीय. मग तू हाक मारलीस आणि मी उठून सोफ्यावर येऊन बसलो. हसलोसुद्धा.

रचना : आणि तुम्ही गप्प बसलात?

बबन : घर मिळावं असं मलाही वाटत होतं, पोरी. गावाहून मुंबईला आलो तेव्हा एका खोलीसाठी मीही आडनाव फिरवून सांगितलं होतं. चार वर्षं काढली तिथे. चौदा एप्रिलला हौसा दार लावून आत मेणबत्ती लावायची, वास जाऊ नये म्हणून खिडकीसुद्धा लावून घ्यायची. याला कसं बोलू मी? कुठल्या तोंडानं?

रुपेश : आईनं कधी सांगितलं नाही.

बबन : सांगण्यासारखं होतं का ते?

रचना : तो कागद घे, रुपेश. आणि लॅपटॉप उघड.

रुपेश : काय लिहू?

रचना : झोपाळा ठेवा म्हणून लिही. हूकही ठेवा. आणि कशासाठी, तेही लिही.

रुपेश : ती विचारेल, हे कोण.

रचना : विचारू दे. शिवांगी सांगेल, तिचं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं आहे.

रुपेश : आणि सोमवारी नाही म्हणाली तर?

रचना : तर भाड्याचं बघू. रडू थोडं, आणि भाड्याचं बघू.

बबन : ती वजन विचारतेय ना?

रुपेश : अंदाजे टाकतो, अण्णा. चार-पाच किलो.

बबन : अंदाजे कशाला? बाथरूममध्ये काटा आहे. काढ खाली.

रचना : आधी तू एकटा उभा राहा. किती?

रुपेश : एकाहत्तर.

रचना : आता फोटो घे. नीट धर, काच आहे.

रुपेश : वाकून आकडा दिसत नाही मला.

रचना : मी बघते. साडेसत्याहत्तर.

बबन : म्हणजे साडेसहा किलो. लिही तिला.

रुपेश : लिहितो. आधी हा जागेवर लावू दे.

बबन : लाव. आणि त्या दिवशी घाईत वाकडा लावला होतास, तो मी रात्री सरळ केला. आज तूच सरळ लाव.