शंभरपैकी शंभर

म्हणून म्हणतो, दाराची साखळी निघणार नाही — राग मानू नका साहेब, ओळखपत्र दाखवलंत, छान आहे, फोटो तर तुमच्यापेक्षा बरा आलाय, पण असली ओळखपत्रं कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला दहा मिनिटांत काढून देतो. तुमच्या ऑफिसला फोन लावलाय. तुम्ही दिलेल्या नंबरवर? छे! दारात उभ्या माणसाने दिलेल्या नंबरवर त्याचीच चौकशी करायची — मग ती चौकशी कसली, त्याच्या भावाशी गप्पाच त्या! नंबर माझ्या वहीतला आहे. हे बघा, थांबा म्हणाले आणि गाणं लावून ठेवलंय. तोवर तुम्ही तिकडे, मी इकडे. सूनबाई आत कामात आहे, एकामागून एक गिऱ्हाइकांचे फोन, मधे हाक मारलेली तिला चालत नाही.

कशासाठी आलात म्हणालात? पहिली आली म्हणून? हो तर! घरून काम करणाऱ्या तुमच्या सगळ्या माणसांत पहिली, कॉम्प्युटर सुरक्षेच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर, आणि सोमवारपासून बाकीच्यांना तीच शिकवणार. शिकवायलाच हवं हो! परीक्षेआधी बघायला लावता ती काय तुमची फिल्म — कॉम्प्युटरवरचा चोर म्हणे टोपडं ओढून अंधारात बसतो. का? दिवा लावायला काय होतं त्याला? खरा चोर तुमच्यासारखा असतो, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, तोंडावर हसू. मी छत्तीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो, सही नाही तर स्क्रूसुद्धा नाही — खुद्द मॅनेजर पाऊण तास पाना मागत उभा होता, तसाच परत पाठवला — आणि मला शिकवणार ती फिल्म! पण बघितली. चौदाच्या चौदा धडे, दोनदा. प्रश्न मात्र बरे काढले होते.

हसलात का? मी — म्हणजे घरात लावली होती, कानावर पडतंच की. आता तुम्हीच सांगा, बाळाला दात येत होते, महिनाभर सूनबाईच्या डोळ्याला डोळा नाही, दोनदा नापास झाली बिचारी, एकदा तर उत्तर लिहिता लिहिता डुलकी लागली — आणि तिसऱ्यांदा नापास तर नोकरी गेली, हे तुमच्याच पत्रात होतं. आमचे चिरंजीव? त्यांचं सोडा, ते सध्या स्वतःचा शोध घेतायत, सोफ्यावर. घर चालतंय तिच्या जिवावर. मग घरात मोकळा माणूस उरला कोण? — आणि तिचा पासवर्ड काय होता, माहितीये? नवऱ्याचं नाव! जो माणूस घराची चावी महिन्यातून तीनदा हरवतो, त्याच्या नावाचं कुलूप! मी त्याच दिवशी बदलला. आता तो फक्त मला ठाऊक, रोज सकाळी मीच घालून देतो, तिलासुद्धा सांगत नाही. याला म्हणतात सुरक्षा.

लिहिताय काय? नका लिहू. इतका वेळ तुम्ही काही विचारलंही नाहीत, नुसते हं हं करत मान डोलावताय, आणि मी आपला — अरेच्चा! नववा धडा! गोड तोंडाने माणसाला बोलतं करणारा अनोळखी पाहुणा! अहो, बरोबर लिहिलं होतं मी त्याचं उत्तर! थांबा — हॅलो? हो, धरलाय फोन… हो, दारातच उभे आहेत… चष्मा, निळी बॅग… तुमचाच माणूस? नक्की? यादी पुन्हा एकदा बघता का जरा?… बरं. बरं, ठेवतो.

साहेब, तुम्ही भामटे असतात तर किती बरं झालं असतं हो. भामट्याचं काय करायचं ते येतं मला — आरडाओरडा, दार बंद, पोलीस, सगळं पाठ आहे. तुमचं काय करू? तिची काही चूक नाही यात, ती नकोच म्हणत होती, मीच हट्टाने बसलो — हे लिहा हवं तर, म्हाताऱ्याने परस्पर केलं म्हणून लिहा, पण तिला — काय गं? नाही, कोणी नाही सूनबाई, पत्ता चुकलाय यांचा, तू फोन घे. — निघा तुम्ही. निघा म्हणतो ना!