स्पेनचा चंद्र

संकष्टीचा माझा उपास आजवर मोडलेला नाही हो, पण इथे कॅनडात, एडमंटनच्या उन्हाळ्यात चंद्र उगवायला मध्यरात्र होते, आणि भूक तर दुपारीच लागते! अशाच एका संकष्टीला आमचे हे स्पेनमध्ये सायकलवरून नदीकाठची जुनी गावं पालथी घालत होते. दुपारी दोनच्या जरा आधी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथे रात्रीचे दहा वाजत आलेले.

"अहो, तिथे चंद्र उगवला का?"

"हा काय, चर्चच्या मनोऱ्यापाशी! बघ."

खरंच, अंधारात छान गोल, पिवळाधमक.

"फोन हलवू नका!" म्हणत मी स्क्रीनलाच ओवाळलं.

"अगं, बाप्पाला हे चालतं?"

"चंद्र काय दोन आहेत?"

मोदक घशाखाली उतरला आणि चंद्राने ठणठण दहा टोले दिले.