कपाटातला खोटा मळ

ठेवा बरं विश्वास! नाही ठेवणार. पैज लावते, निम्म्यावर यायच्या आत तुम्ही म्हणाल, म्हातारी फेकतेय... फेकतेच हो मी, पण आज नाही. आमच्या घरात जे चाललंय ना, त्यापुढे माझ्या थापा म्हणजे अगदी मिळमिळीत! तुम्हाला सांगते, मी माझ्या खोलीत, माझ्या कॉटवरची, माझी चादर झटकली, तर माझ्याच पोराने किंचाळावं? "आईऽऽ! धूळ!" जसं काही मी वाघ सोडला अंगावर!

पोरगा म्हणजे केवढा, तर बावन्न वर्षांचा. टक्कल पडलंय. ऑफिसात हाताखाली माणसं आहेत म्हणे. आणि घरी येऊन करतो काय? गाड्या करतो! प्लॅस्टिकच्या, एवढ्या एवढ्या... ट्रक, रणगाडे, विमानं, बोटी. खऱ्या ट्रकला जे जे असतं ते सगळं, फक्त मुठीत मावेल एवढं. आत ड्रायव्हर बसवलाय शेंगदाण्याएवढा, आणि त्याच्या शर्टाला बटणं! मी म्हटलं, अरे, तुझ्या स्वतःच्या शर्टाचं बटण कधीचं तुटलंय, ते लाव की आधी... "आई, तुला नाही कळायचं."

नाही कळायचं. बरं.

आता केलं ते केलं, पण ठेवायचं कुठे? फ्रिजवर विमानं, पुस्तकांच्या पुढे रणगाडे, आणि सूनबाईच्या कपड्यांच्या कपाटात युद्धनौका! ती बिचारी स्वेटर काढायला हात घालते, तर बोटात डोलकाठी घुसते. शेवटी आणलं त्याने मोठं काचेचं कपाट, आणि घरभर फिरला की जागा शोधत, मुलीला स्थळ बघावं तसा! हॉल नको, ऊन येतं, रंग उडतो. स्वयंपाकघराजवळ नको, तेलकट वाफ बसते. त्यांची बेडरूम नको, रस्त्यावरून बस गेली की भिंत थरथरते. फिरत फिरत आला आणि उभा राहिला माझ्या दारात. "आई, तुझी खोली काय छान आहे गं! ऊन नाही, वारा नाही..."

अरे, मी इतकी वर्षं हेच तर रडत होते!

मग हळूच म्हणतो, "तू पॅसेजमध्ये झोपशील का? बाथरूम जवळ पडेल तुला." बघा, माझीच सोय! त्याचं काय, या छंदवाल्यांचं एक मंडळ आहे, सगळे असलेच, सगळे टकले, त्यांची स्पर्धा होती... कुणी आपली मॉडेलं घरात कशी मांडली, किती स्वच्छ ठेवली, ते परीक्षक घरी येऊन बघणार. तोवर मी कपाटाशेजारी. ते उरकलं की मी पॅसेजमध्ये, आणि माझ्या कॉटच्या जागी दुसरं कपाट! मी काय म्हटलं? काही नाही. मी गप्प बसले की सगळे घाबरतात, पण हा बसला होता भिंग लावून, याला माझं गप्प बसणं दिसेल कुठून?

बरं, खरी मजा पुढेच. हा ट्रक करतो, कसा, तर नवा कोरा, आरशासारखा. आणि मग बसतो त्याला मळवायला! हो, मळवायला! बारीक कुंचल्याने चाकांना चिखल रंगवायचा, दाराला गंज रंगवायचा, टपावर धूळ रंगवायची... दोन रविवार गेले त्यात. मी म्हटलं, लहानपणी तुला स्वतः मळायला दोन मिनिटं पुरायची रे! आणि एवढा मळ रंगवून झाला, की त्यावर खरी धूळ बसलेली चालत नाही. लगेच मऊ ब्रश, लगेच तो रबरी फुगा, फुस् फुस्... खोटा मळ जपायचा, खरा मळ पुसायचा! तुम्ही सांगा, माझं डोकं ठिकाणावर नाही का त्याचं?

आला परीक्षेचा दिवस. हा गेला परीक्षकाला आणायला, आणि जाता जाता आम्हा दोघींना ऑर्डर, "शेवटचा हात फिरवा. धूळ काढा, पण मळ काढू नका!" गेला निघून. आम्ही दोघी कपाटापुढे... "आई, ही धूळ की रंग?" "मला वाटतं धूळ." "मग ही?" "हा रंग असावा." "दोन्ही सारखंच दिसतंय हो!" आणि तुम्हाला सांगते, सूनबाई स्वच्छतेची इतकी भोक्ती, तिच्याच्याने राहवेना. ओलं फडकं घेतलं आणि ट्रकवरून असं एकदाच फिरवलं...

दोन रविवार गेले फडक्यात!

ट्रक चकाचक. लग्नाला निघाल्यासारखा. सूनबाई मटकन खाली बसली. "आई, हे मला घराबाहेर काढतील!" मी म्हटलं, रांगेत ये, आधी माझा नंबर आहे.

पण मग मला हसू यायला लागलं. मला एकदा हसू आलं ना, की घरात काहीतरी होतंच. गेले कॉटखाली. तिथे काय होतं? सगळं होतं! केस, कापूस, पायांची माती, भिंतीचा पोपडा... सकाळचा गार चहा उरला होता कपात, त्यात कालवली धूळ, आणि कान कोरायच्या कापसाच्या काडीने थापली चाकांना, दारांना, टपावर. ड्रायव्हरच्या तोंडालाही थोडी. बिचारा उन्हातून आलाय असं वाटायला नको? सूनबाई फुगा घेऊन वारा घालत होती वाळवायला, आणि रडत होती, आणि हसत होती.

तेवढ्यात बेल!

परीक्षक म्हणजे नुसता चिमटा. उंच, वाळका, हातात पांढरे हातमोजे. कपाटाच्या वरून बोट फिरवलं, "हं." विमानांपुढे, "हं." बोटींपुढे, "हं, बरंय." पोराचा चेहरा असा उतरत चाललेला... आणि ट्रकपाशी आला आणि थांबला. भिंग काढलं. वाकला. वास घेतला! म्हणतो कसा, "अहो... ही धूळ! इतकी वर्षं मी बघतोय, लोक धूळ रंगवतात. तुमची धूळ बसलीय! कसली पावडर ही?" आणि आमचे चिरंजीव? आपला ट्रक असा कसा दिसतोय हे त्यालाच कळेना, पण ताठ उभा राहून म्हणतो, "खास मागवलीय. बाहेरून."

बाहेरून! माझ्या कॉटखालून बाहेर, हे खरंच म्हणा.

आणि चिमटा काय म्हणाला ठाऊक आहे? "पहिला नंबर! आणि ऐका, या खोलीची हवा फार दुर्मिळ आहे. इथलं काहीही हलवू नका." मग त्याची नजर माझ्यावर पडली, मी कॉटवर बसलेली, हाताला चहाचे डाग. "यांनाही हलवू नका."

स्वच्छतेचा पहिला नंबर बरं का! खोटा मळ जपायचा, खरा मळ पुसायचा, आणि बक्षीस कशाला, तर खऱ्याला!

तो गेल्यावर पोरगा आला माझ्यापुढे. "आई, खरं सांग, ट्रकला काय लावलंस?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. आधी सांग, पॅसेजमध्ये कोण झोपणार? "कुणी नाही, आई." दुसरं कपाट? "नाही आणणार, आई." मग दाखवलं बोटाने कॉटखाली.

झालं! खोली वाचली माझी. पण तेव्हापासून या खोलीत झाडू बंद. पंखा बंद. चादर झटकायची नाही, पाय आपटायचे नाहीत. बावन्न वर्षांचा पोरगा कॉटखाली आडवा, हातात चमचा, चाळणी आणि बाटल्या... भिंतीकडची धूळ वेगळी, पायथ्याकडची वेगळी. टकले येतात, मला नमस्कार करतात आणि वाकून कॉटखाली बघतात. सूनबाई दारातून बघते आणि तिचा जीव नुसता वरखाली होतो. आणि मी शिंकले, तर माल वाया गेला म्हणून ओरडतात. माझ्या खोलीत मीच तेवढी स्वच्छ उरलेय हो, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघत नाही.

बसा तुम्ही, नका ठेवू विश्वास. नाहीतर जाच आता, तो यायची वेळ झाली. आणि अहो, पुढच्या वेळी याल तेव्हा दारात पाय पुसू नका, इथे आत कॉटजवळ झटका, रस्त्यावरची संपत आलीय आमच्याकडे.