वय झालं म्हणे!

...आणि वर मलाच म्हणतात, हळू बोला! मी? ड्रायव्हिंग स्कूल चालवते मी, शेजारच्या सीटवरून 'ब्रेक! अहो बाई, ब्रेक!' असं ओरडून ओरडून हा गळा तयार झालाय, तो काय दवाखान्यात शिरला की कुजबुजणार आहे होय? पण थांबा, पहिल्यापासून सांगते.

झालं काय, माझी पाळी गेली. म्हटलं, सुटले बाई! कसली सुटते... नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की दुखायला लागलं. आत सगळं कोरडं ठाक, नुसती आग आग, आणि इच्छा म्हणाल तर ती बिनपगारी रजेवर! आता आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, स्वभावाने अगदी गरीब. मी एकदा दात आवळले, एकदा अंग चोरलं, झालं, त्यांनी गुपचूप उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत मुक्काम हलवला. 'मी घोरतो ना, तुझी झोपमोड नको.' घोरतात कुठे हो? मला वाटलं, मी नकोशी झाले. त्यांना वाटलं, ते नकोसे झाले. आणि आम्ही दोघं सकाळी चहा पिताना पाण्याच्या टाकीवर चर्चा करायचो!

मोठ्या जाऊबाईंना विचारलं, तर त्या पदर सावरत म्हणाल्या, 'अगं, वय झालं आता, काय हे डोक्यात!' आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते मान वर न करता म्हणाले, 'वय झालं की व्हायचंच.' वय झालं म्हणे! अहो, गुडघा दुखतो म्हटलं तेव्हा याच माणसाने फोटो काढायला लावला, मलम दिलं, पट्टा दिला, वर व्यायाम शिकवले! गुडघ्याचं वय झालं नव्हतं का? तो काय माझ्यानंतर जन्मला?

तुम्हाला सांगते, माझं डोकं फिरलं. थेट बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हेही आले सोबत, बिचारे फाईल धरायला. काउंटरवरची मुलगी विचारते, 'काय त्रास आहे?' आता मी माझ्या मते अगदी हळूच सांगितलं, 'संबंधाच्या वेळी दुखतं हो, कोरडेपणा आहे, आणि मनही होत नाही!' ...बाकांवर नंबर लावून बसलेल्या सगळ्या बायकांच्या माना वळल्या. मुलगी म्हणाली, 'काकू, जरा हळू...' आणि तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला, 'मलाही होतं असं.' दुसरी म्हणाली, 'मला थायरॉइड निघाल्यापासून.' तिसरी म्हणाली, 'मला तर नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यापासून काहीच वाटत नाही, मला वाटलं मीच दगड झाले.' अहो, सगळी खोली बोलायला लागली!

आणि आमचे हे? कान लालभडक. माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, 'दुखत होतं? आणि मला वाटलं... मग सांगितलं का नाहीस गं?' मी म्हटलं, 'तुम्ही विचारलंत का नाही?' त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात धरला हो. लग्नातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता!

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली, मला पत्ताच नाही! म्हणाल्या, 'पाळी गेली की आतली त्वचा पातळ होते, कोरडी पडते. साखरेने नसांवर आणि रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो. दोन्हीवर उपाय आहेत.' मी विचारलं, 'म्हणजे वय झालं म्हणून नाही?' त्या हसल्या. 'वयाचा वाटा आहेच. पण वय झालं म्हणून सोसत बसायचं, असं कुणी सांगितलं?' घ्या! आतून लावायचं मलम दिलं, साखरेच्या गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि यांना बजावलं, 'घाई करायची नाही, दुखलं की थांबायचं.' हे शाळेतल्यासारखे 'हो मॅडम' म्हणाले.

जादू नाही झाली हं. महिने लागले. मधेच मी वैतागले, मधेच हे घाबरले. पण हळूहळू जमलं, आणि उशी आपल्या जागी आली. मला अभिमान वाटतो, सांगते ना! लाज कसली? तोंड उघडलं म्हणून साखर कळली, नवरा कळला, आणि त्या खोलीतल्या बायकांना कळलं की आपण एकट्या नाही. वय झालं म्हणे... झालंच आहे! म्हणून काय गप्प बसू?

फक्त धंद्याचं वाटोळं झालं. बातमी गावभर. आता बायका गाडीत बसतात, काच वर करतात आणि किल्ली न फिरवताच विचारतात, 'त्या मलमाचं काय हो?' तास संपतो, गाडी जागेवरच! काल एक बाई पुन्हा नाव घालायला आली. म्हटलं, 'अहो, तुम्हाला गाडी येते की! लायसन्स मीच मिळवून दिलंय!' तर म्हणते, 'ते असू द्या, आज माझ्या नणंदेलाही आणलंय, गाडीत मागे बसली आहे.'